घंटेवरचे आडनाव

बर्लिन, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, अंगात दोन स्वेटर आहेत आणि जेवण वेळेवर होते. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचाल. ताईने दाखवलेल्या फोटोत माझ्या पाठीवर जेवण पोचवण्याची चौकोनी पिशवी पाहून बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला अधिक लागले.

शिष्यवृत्ती चालू आहे, मला कोणी काढलेले नाही. ॲपमधला अल्गोरिदम, म्हणजे आपोआप निर्णय घेणारी संगणकी आज्ञावली, माणसांकडून काम कसे करून घेतो, हा माझा विषय. मुकादमाची जागा इथे फोनने घेतली आहे: ऑर्डर कोणाला द्यायची, किती मिनिटांत पोचवायची, कोण मागे पडला, हे तोच ठरवतो आणि कारण सांगत नाही. नुसत्या मुलाखतींतून हे कळत नाही, म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी, जेवण पोचवणाऱ्या मुलांना माझा हेतू सांगूनच, मी त्यांच्याबरोबर सायकल चालवते आणि रात्री टिपणे लिहिते. एथ्नोग्राफी म्हणतात ती हीच. बाबांच्या आवडत्या इरावतीबाई कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात येऊन कवट्या मोजत होत्या. मी जिने मोजते.

जिन्यांचे सविस्तर सांगायलाच हवे. इथे इमारतीला नंबर असतो, आतल्या घरांना बहुधा नसतो. खाली दाराशी वीस-पंचवीस घंटांची पाटी आणि प्रत्येक घंटेसमोर फक्त आडनाव. पोटभाडेकरूचे पुष्कळदा तेही नाही. जुन्या इमारती आपल्या वाड्यांसारख्या, म्हणजे पुढची इमारत, मग चौक, मग मागची इमारत, कधी त्यामागे आणखी एक चौक. पाचवा मजला आणि लिफ्ट नाही. ॲपच्या लेखी मात्र रस्त्यावरच्या दाराशी सायकल लागली की आपण पोचलो, आणि पुढची पाच-सात मिनिटे आपल्या आळसात जमा होतात, असे मुलांचे म्हणणे. जळगावकडच्या एका मुलाने फोनमध्ये या पाट्यांचे फोटो गल्लीवार लावून ठेवले आहेत आणि मागच्या चौकातल्या आडनावांवर लाल खुणा केल्या आहेत. माझ्या प्रबंधाचे अर्धे प्रकरण त्याच्या खिशात आहे.

बाबा, विषय फालतू नाही. ॲपवरून काम करणाऱ्या कोणाला केवळ यंत्राच्या निर्णयाने कामावरून काढू नये, असा युरोपीय संघाचा 2024 चा निर्देश आहे आणि तो 2 डिसेंबर 2026 पर्यंत जर्मनीला आपल्या कायद्यात आणायचा आहे. आणि हो, हेल्मेट घालते, दिवा लावते, बर्फ पडला की निघत नाही.

कर्जाच्या हप्त्यासाठी 300 युरो पाठवले आहेत. त्यातले निम्मे सायकलवरचे आहेत. तसे न कळवता पाठवणार होते, पण मन धजले नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला येणे जमणार नाही, तिकिटे फार महाग आहेत.

आई, कोल्हापूरच्या स्थळाकडे तू नुसते 'संशोधन' एवढेच सांगितलेस असे ताई म्हणाली. सायकलचेही सांग, नको म्हणाले तर म्हणू देत. जळगावचा तो मुलगा घरी 'ऑफिसात आहे' म्हणून सांगतो. त्याचे हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले, तेव्हा मी स्वतः तुम्हाला महिनाभर 'मुलाखती घेते' एवढेच सांगत होते.

तुमची,
वृंदा