दार ओढू नकोस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री फोनवर तू फार वैतागलेला वाटलास. ओव्हनची आपोआप सफाई लावलीस, मध्येच वीज गेली, आणि वीज आली तरी दार काही उघडेना. ‘जोर लावून बघतो,’ म्हणालास, म्हणून लगेच लिहायला बसलो. जोर लावू नकोस. मी एकदा लावला होता. दोन्ही हातांनी हँडल ओढलं आणि आतली बोटाएवढी आकडी वाकली. मग दार नुसतं टेकायचं, कुलूप बसायचंच नाही. सगळा लॅच बदलावा लागला.

मुळात हा बिघाड आहे का, तेच आधी बघ. त्या सफाईत ओव्हन ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तेव्हा कुठे चिकट तेलाची राख होते. आतलं तापमान बरंच, साधारण ३०० अंशांच्या खाली उतरेपर्यंत दार सुटत नाही, आणि सुटूही नये. बाहेरची काच कोमट लागली म्हणून फसू नकोस, आत धग असते. दोन तास तरी जाऊ दे.

पूर्ण गार झाल्यावरही अडलं, तर ओव्हनचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरची त्याची कळ, खाली पाड आणि पाच मिनिटांनी वर कर. मग दार तळहाताने आत दाबून धर, ‘रद्द’चं बटण दाब आणि कान दे. आकडी फिरवणारी छोटी मोटर काही सेकंद घर्रर्र करते. आवाज आला पण दार सुटलं नाही, तर आकडी अडकलीय किंवा ती कुठे आहे हे सांगणारा बारीक स्विच बिघडलाय. आवाजच नाही, तर मोटर, वायर किंवा ओव्हनचा कंट्रोल बोर्ड बिघडलाय. कधीकधी सफाई पुन्हा सुरू करून मिनिटभरात रद्द केली की आकडी आपली फेरी पुरी करून जागेवर येते. हेही करून बघ. आणि हो, चाइल्ड लॉक चुकून लागलं नाही ना?

दार उघडलं की वीज बंद कर आणि आकडीच्या खाचेत टॉर्च मार. तिथे काळी, डिंकासारखी चिकट घाण असते. कोमट साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने ती पूस. तेल मात्र सोडू नकोस, पुढच्या वेळी तेच जळून धूर होईल. दाराच्या कडेची सील-पट्टी कुठे दुमडली आहे का, बिजागरी झुकून एका बाजूला फट पडली आहे का, तेही बघ.

मागचं झाकण मात्र खोलू नकोस, ते काम मेकॅनिकचं. मायक्रोवेव्हचं खोकं तर कधीच नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो.

मेकॅनिकला फोन करशील तेव्हा मोटरचा आवाज येतो की नाही हे आधी सांग. मॉडेल नंबरची पट्टी बहुतेक दाराच्या आतल्या चौकटीवर असते, दार उघडल्या उघडल्या तिचा फोटो काढून मलाही पाठव.

तुझा,
बाबा