आई, गोळी चुकली तर सांग

लेस्टर, रविवार रात्र

प्रिय आई,

सा. न. वि. वि. हे पत्र दादाला मेल करतेय, तो प्रिंट काढून देईल, अक्षर मोठं ठेव म्हणून सांगितलंय त्याला. फोनवर तुला गोळ्यांबद्दल विचारलं की तू "हो गं घेते, तू जेवलीस का" असं म्हणून विषय बदलतेस, म्हणून आज बसून लिहायचंच ठरवलं. दुपारी निवांत वाच आणि मग वहिनीला पण दे.

गणपतीत जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये. रथोत्सवाला घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात तुला जुलाब सुरू झाले, तू कुणाला बोलली नाहीस, पिंट्याला पाठवून मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या आणवल्यास. त्या पोराने मागितल्या, त्यांनी दिल्या, घरात हृदयाची औषधं कुणाला चालू आहेत का हे ना त्यांनी विचारलं ना कुणी सांगितलं. चार दिवस तू त्या घेतल्यास. गौरीच्या जेवणाचं पुरण तू वाटलंस, सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः दोन घास खाऊन उठलीस, अन्नाचा वास नको वाटतोय म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला बेसिनमध्ये रक्त दिसलं आणि तुझ्या दंडावर बांगडीएवढा काळानिळा डाग, आणि तू म्हणतेस, कपाटाचं दार लागलं असेल. बरं झालं तिने ऐकलं नाही. दादाने तशीच गाडीत बसवून मिरजेला नेलं आणि रिपोर्ट आला, आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचं माप, ७.२. आई, मी इथे रोज हेच आकडे बघते, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांचे डोस ठरवणं हेच माझं काम, पण त्या रात्री दादाने पाठवलेला तो फोटो बघून माझे हातपाय गार पडले होते.

तू विचारलंस ना, जुलाबाच्या एवढ्याशा गोळीने असं कसं झालं. सांगते, पण थोडं मागून.

तू सातवीत असताना घसा धरून ताप आला आणि मग एकेक करून गुडघे, घोटे सुजले, आजी नेहमी सांगायची. तो संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीवर. सांधे बरे झाले पण हृदयाची मायट्रल झडप त्याने धरली, ती वर्षानुवर्षं जाड आणि अरुंद होत गेली, मागे रक्त तुंबून डावीकडचा वरचा कप्पा फुगला आणि शेवटी त्याचा ताल सुटला. नीट आवळण्याऐवजी तो नुसता थरथरत राहतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, साचलं की गुठळी, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून तुला असेनोकुमारॉल, ती गुठळी होऊ न देणारी गोळी. ठोक्यांची घाई आवरायला मेटोप्रोलॉल आणि डिगॉक्सिन, आणि अंगातलं पाणी काढायला सकाळची लघवीची गोळी. यातली एकही गोळी झडप दुरुस्त करत नाही हे मला माहितीये, पण या चार गोळ्या नीट घेतल्यास तर तू चालती-बोलती राहशील, माझी सगळी धडपड त्यासाठी आहे.

आता असेनोकुमारॉलची गोष्ट. तुमच्याकडे गुरं होती म्हणून तुला पटेल. १९२० नंतर कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडे गुरं रक्त वाहून मरायला लागली, शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कारण निघालं वैरणीत. स्वीट क्लोव्हर म्हणून आपल्या लसूणघासासारखा चारा, तो ओला राहून बुरसटला की त्यात एक द्रव्य तयार व्हायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय, तो बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त असं सगळं गाडीत घालून हिमवादळात प्रयोगशाळेत घेऊन आला. कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या माणसांनी पुढे कित्येक वर्षं खपून ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळायला लागलं. तुझी गोळी त्याची सख्खी बहीण. मापात घेतली तर पक्षाघात टाळते, मापाबाहेर गेली तर त्या गाईंसारखं होतं.

हे माप म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा १ च्या आसपास असतो, तुझा २ ते ३ मध्ये हवा. खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. ही गोळी व्हिटॅमिन के ला अडवते, कारण रक्त गोठवणारे घटक बनवायला लिव्हरला ते लागतं. तुझ्या पोटात गेलेल्या त्या जुलाबाच्या गोळीत मेट्रोनिडाझोल होतं, ते लिव्हरमध्ये असेनोकुमारॉलची विल्हेवाट लागू देत नाही, म्हणजे रोजची तीच गोळी घेऊन अंगात मात्र ती साठत गेली. वर तू जेवत नव्हतीस, म्हणजे व्हिटॅमिन के पण येईना. दोन्हीकडून एकदम. मिरजेला डॉक्टरांनी गोळी थांबवून जे औषध दिलं ते व्हिटॅमिन केच होतं.

आणि डिगॉक्सिनचं वेगळंच चाललं होतं, ते तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुलाबातून पोटॅशियम जातं, लघवीच्या गोळीतून पण जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन अंगावर येतं. तुला मळमळत होतं, अन्नाचा वास नको होता, आणि तू सहज बोलून गेलीस की आरतीच्या वेळी सगळं पिवळं पिवळं दिसत होतं, रोषणाईमुळे असेल. आई, ती रोषणाई नव्हती. पिवळं दिसणं हे डिगॉक्सिन जास्त झाल्याचं जुनं लक्षण आहे. हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडाच्या जातीतून येतं, १७८५ मध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, किती द्यायचं आणि कधी थांबायचं. आपल्या परसात पिवळी कण्हेर आहे ना, जिच्या बिट्ट्या घेऊन आम्ही खेळायचो आणि तू ओरडायचीस की हात धुवा, तोंडात घालू नका, त्या बिट्टीतलं विष हृदयावर तसंच काम करतं. तू आम्हाला जितकं जपलंस तितकंच आता या गोळीला जप.

म्हणून डिगॉक्सिन घ्यायच्या आधी नाडी बघायची. पिंट्याला घड्याळ धरून बसव, पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही कारण तुझे ठोके मागेपुढे पडतात. ६० च्या खाली आली तर त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. शनिवार-रविवार तुला डॉक्टरांनी सुट्टी दिलीये ती सुट्टी पाळायची, "एखादी जास्त गेली तर काय होतंय" असं या गोळीला चालत नाही.

दादा विचारत होता की रक्त तपासावं लागत नाही अशा नवीन गोळ्या निघाल्यात, त्या का नाही देत. त्याला सांग की झडप अरुंद नसलेल्या खूप लोकांना आम्ही त्याच देतो. पण संधिवाताच्या तापाने झडप आखडलेल्या, ताल बिघडलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, २४ देशांतले साडेचार हजारांवर पेशंट होते, आणि त्यात नव्या रिव्हारॉक्सॅबानपेक्षा जुन्या पद्धतीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तुझ्या डॉक्टरांनी बरोबर दिलंय. रक्त तपासायचा खर्च आणि मिरजेच्या फेऱ्या होतात खऱ्या, पण त्या चुकवू नका.

अडकित्त्याचं ऐकून मला रडायला आलं. २ मिलीग्रॅमची गोळी अडकित्त्याने अर्धी करायची, एक तुकडा मोठा, एक बारीक, उरलेला भुगा डब्याच्या तळाला. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा की सगळं १ मिलीग्रॅमच्या गोळ्यांतच लिहून द्याल का, म्हणजे एक दिवस दोन आणि एक दिवस एक, कापायचा प्रश्नच नाही. इथे वॉरफरिनच्या गोळ्यांना रंग ठरलेले असतात, १ ची तपकिरी, ३ ची निळी, ५ ची गुलाबी, त्यामुळे ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्या आमच्या गुजराती बा पण फोनवर रंग सांगतात आणि मला कळतं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून पट्टी घेताना मिलीग्रॅम वाचायचेच, दुकानदाराने "तीच आहे" म्हटलं तरी. आणि प्रत्येकाकडे एक पिवळं पुस्तक असतं, तारीख, आयएनआर, डोस. तुझ्यासाठी वहिनीने साधी वही करावी आणि रोज गोळी घेतली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला टिक.

भाज्यांचं तू उलटंच केलंयस. कुणीतरी सांगितलं पालेभाजी बंद, तू मेथी-पालक सोडून दिलंस. सोडायचं नाहीये गं. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं म्हणून आठवड्याला जेवढी खातेस तेवढी खात राहायची, डॉक्टर डोस त्याप्रमाणे बसवतात. एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्यात काहीच नाही, त्रास त्याने होतो.

आणि आता नवरात्र आठ दिवसांवर आलंय. तुझे नऊ दिवसांचे उपास मला माहितीयेत, आजीपासूनचे आहेत, मी मोडायला सांगणार नाही, देवीसमोर बसलेली तू मला लहानपणापासून डोळ्यासमोर आहेस. पण साबुदाणा आणि वरी नऊ दिवस म्हणजे जेवण पूर्ण बदललं, आयएनआर वर जाणार, परत अशक्तपणा. डॉक्टरांना आधी विचार, उठता-बसता दोनच दिवस केलेस तर घटाला काही कमी पडेल असं मला नाही वाटत. आणि केलेस तरी गोळी उपासाला चालते, पाण्याबरोबर घ्यायची.

गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाही, पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल एखाद-दोन दिवस ठीक, रोज लागायला लागली तर सांगायचं. गावातल्या डॉक्टरांकडे गेलीस तर कमरेत सुई घ्यायच्या आधी सांगायचं की मी रक्त पातळ करायची गोळी घेते, आतल्या आत रक्त साकळतं. घशाला ज्येष्ठमध चघळतेस ते पण बंद कर, ते पोटॅशियम कमी करतं. डोक्याला मार लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर बरं वाटेपर्यंत वाट बघायची नाही, १०८ ला फोन, पाहुणे असू देत नाहीतर लग्न असू दे.

रक्त पातळ करायची गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून दे, दोन एकदम कधीच नाही, आणि वहीत लिही. तू चुकलेली गोळी सांगत नाहीस कारण दादा चिडेल वाटतं. मागच्या महिन्यात तीन गोळ्या चुकल्या होत्या ते मला वहिनीने पट्टी मोजून सांगितलं. डॉक्टरांना ते माहीत नसलं की त्यांना वाटतं गोळी कमी पडतेय, ते डोस वाढवतात, मग तू नीट घ्यायला लागलीस की आकडा वर. मी दादाशी बोललेय, तो चिडणार नाही, त्याने मला कबूल केलंय. तू फक्त सांग. मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल, मी उचलेन.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो स्टीलचा डबा घेऊन बस आणि आतलं सगळं पलंगावर ओत, बाबांच्या वेळच्या जुन्या पट्ट्या पण अजून त्यात आहेत म्हणे. आपण दोघी मिळून एकेक वाचू आणि काय ठेवायचं ते ठरवू.

तुझी,
शुभा

ता. क. वहिनी, गोळ्या ठेवायचा खणांचा डबा पाठवलाय, सोमवार ते रविवार. डिगॉक्सिन शनि-रविच्या खणात घालू नकोस. आणि दंडावरचा डाग किती फिका झाला त्याचा फोटो पाठव.