मुलुंडच्या मावशींना

मावशी, तुम्ही फोनवर गुड मॉर्निंग आणि एकादशीचे मेसेज सोडून काही वाचत नाही मला माहितीय, पण सूनबाई दाखवेल म्हणून इथे लिहितेय. तोंडावर आभार मानायला गेले तर "चल गप" म्हणाल.

आई गेली त्या रात्री तीन वाजता मी मामाच्या आधी तुम्हाला फोन केला. आईच्या फोनमध्ये तुमचं नाव अजूनही 'मुलुंड ८.१२' असंच सेव्ह आहे, लेडीज डब्यातली एकवीस वर्षं आणि नाव म्हणून ट्रेनचा टायमिंग. कन्नमवार नगरातले डॉक्टर येऊन सर्टिफिकेट लिहीत होते तेवढ्यात तुम्ही रिक्षाने पोचलात आणि आल्या आल्या काय केलंत तर पंखा बंद केलात. मी ओरडले तुमच्यावर, "अहो आईला उकडेल!" कारण आईला डिसेंबरात पण पाचवर पंखा लागायचा. आता तुम्हीच सांगा, मेल्यानंतर काही उरत नाही असं मानणारी मी, आणि आईला उकडेल म्हणून भांडतेय. तुम्ही "अगं ती आता नाहीये" असं बोलला नाहीत. म्हणालात, "डोळे सुकतात पंख्याने, थोडाच वेळ. तिनेच सांगून ठेवलंय मला." मग पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली दोन उशा. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात हे मी शंभर वेळा ऐकलेलं होतं, त्या वेळी एक अक्षर आठवलं नाही. आयबँकेला फोनही तुम्हीच केलात. ते लोक आले, वीसेक मिनिटांत काम झालं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा घेतात, चेहरा होता तसाच. ते गेल्यावर तुम्ही उठलात आणि पंखा परत पाचवर केलात. मी बघत होते. काही बोलले नाही तेव्हा.

देहदानाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे हे मला त्या सकाळी कळलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांना गोळ्या घातल्या तेव्हा आई दोन दिवस डब्यात कोणाशी बोलली नव्हती म्हणे, आणि नंतर थेट फॉर्मच घेऊन आली. दसऱ्याला डबा सजवायला, पेढे वाटायला पुढे, आरती सुरू झाली की खिडकीत जाऊन बसणारी बाई, आणि तिच्या फॉर्मवर सही कोणाची तर गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या तुमची. परळला केईएमला जाताना अँब्युलन्समध्ये तुमचे ओठ हलत होते. मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड काचेकडे केलं होतंत.

मामा म्हणाला, "अस्थी नाहीत, दहावा नाही, मग आम्ही यायचं कशाला?" तेव्हा राग आला खूप, पण नंतर वाटलं प्रश्न बरोबर होता त्याचा. लोकांना वाटतं आमच्यासारख्यांना स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही, भेट नाही म्हणून जास्त त्रास होत असेल, किंवा उलटं, तुमचं काय बाबा सगळं लॉजिकल. खरं सांगू का, स्वर्गाची आठवणसुद्धा आली नाही. टाइमटेबल नव्हतं तो त्रास. बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी अस्थी, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडाचं, घरात माणसं, चहाची आधणं, भटजींची सामानाची यादी, कोणीतरी सारखं कुठेतरी पळतंय. आमचं सगळं पहिल्या दिवशी दुपारी दोनला संपलं. कॉलेजमध्ये देह दिला, कागद घेतला, घरी आलो. चौथ्या दिवशी मी सकाळी अंघोळ करून सोफ्यावर बसले तर करायला काहीच नाही. फोनवर 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' ची रांग. (शांतता आईला कधीच सोसली नाही, सकाळी सहापासून रेडिओ.)

आणि तुम्ही रोज संध्याकाळी. डबा ठेवायचा, आणि मला काहीतरी कामाला लावायचं. आज पेन्शनची फाइल काढ, आज कपाट. साड्या काढताना हिरवी नारायणपेठ मंत्रालयातल्या कोणाच्या लग्नाला घेतली आणि कोणी चहा सांडला ते तुम्हाला पाठ होतं, मला माहीतच नव्हतं. एकदा म्हणालात, "मी माझ्या घरी तिच्यासाठी पान वाढते हो. तिला नसतं चाललं, पण मला लागतं." मला अजिबात खटकलं नाही. चोरून केलं असतंत तर खटकलं असतं.

पण पत्र खरं दहाव्या दिवसासाठी आहे. तुम्ही मुद्दाम सकाळीच आलात. नऊ वाजता किचनच्या ग्रिलवर कावळा आला आणि ओरडायला लागला. आई त्याला रोज चपातीचा तुकडा टाकायची, श्राद्धबिद्ध काही नाही, उरलेली चपाती वाया कशाला एवढंच. दहावा दिवस, समोर कावळा, तुमच्या श्रद्धेत याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. मी तुमच्याकडे बघितलं, वाटलं आता बोलाल. आणि बोलला असतात तर त्या क्षणी मी मानलंही असतं कदाचित, इतकी मोडलेली होते. तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "भूक लागलीय त्याला. दहा दिवस कोणी घातलं नाही ना."

मग मी पीठ मळायला घेतलं.

तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणते. रिकामा द्यायचा नाही, हे एक मात्र आई पण पाळायची.