उधेवाडीच्या बाबांना, खारीककडून आणि माझ्याकडून

तीर्थस्वरूप बाबा,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

हा मायना मी शेवटचा लिहिला तो दहावीच्या पेपरात, मार्कांसाठी. आज पहिल्यांदाच मनापासून लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी कुणी ना कुणी तुमच्यासोबत फोटो काढायला दारात उभं राहायचं. तुमची नात फोनवर हे वाचून दाखवेल. आणि कुत्रं घेऊन पहिल्यांदा डोंगरात निघालेल्या दुसऱ्या कुणी वाचलं तर तेही बरंच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी नि माझी कुत्री खारीक लोणावळ्याहून राजमाचीच्या किल्ल्याला निघालो होतो. पाठीवर मुक्कामाचं सामान घेऊन तिचा हा पहिलाच ट्रेक. कागदावर सगळं चोख होतं. खारीक एकोणीस किलोची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं लादू नका. म्हणून तिच्या लाल पिशव्यांत दोन्ही बाजूंना सारखं, मिळून दीड किलो: दोन दिवसांचं खाणं, घडीचं भांडं, दोरी आणि अर्धा लिटर पाणी. घरात पिशव्या घालून आठवडाभर सराव केला. तिचे बूटही आणले होते, पण ते घातले की ती बदकासारखी पाय उचलायची आणि आम्ही हसून लोळायचो, म्हणून घरीच ठेवले. हसले ते महागात पडलं.

खरी चूक मात्र मिसळीची. पहाटे निघायचं ठरलेलं, पण लोणावळ्यात पोचून, गाडी लावून, मिसळ नि वर दोन चहा होईपर्यंत साडेनऊ वाजले. लोणावळ्यातल्या तुंगार्लीकडून किल्ल्याच्या पायथ्याची उधेवाडी, म्हणजे तुमची वाडी, पंधरा-सोळा किलोमीटर. चढ फारसा नाही म्हणून लोक तिला सोपी वाट म्हणतात. माणसाला सोपी. जीपच्या रस्त्यावरचा तो मुरूम, ते टोकेरी दगड, मधूनच उघडा काळा कातळ, आणि वर ऊन. माझ्या पायात जाड तळव्यांचे बूट होते, तिच्या पायात काही नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला ती पहिल्यांदा बसली. मला वाटलं, दमली. बिस्किट दाखवलं, उठली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मी दोरी ओढली, बाबा. हे लिहिताना हात अडखळतोय, पण खरं तेच लिहिते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. अंधार पडायच्या आत राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर जाऊन सूर्यास्त बघायचा होता ना!

तेवढ्यात तुम्ही गुरं वळवत आलात. मला काही विचारलं नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसलात, हात पुढे करून नुसते थांबलात, आणि तिने हुंगल्यावर तिचा पुढचा पंजा उलटा केलात. तळव्याच्या गादीची कातडी रुपयाएवढी सोलली होती. खाली गुलाबी मांस, त्यात मुरमाचे खडे. पिशवीचा पट्टा सोडलात तर बगलेतही घासून लाल झालेलं. तीन तास ती तसंच चालत होती आणि मी तिचे फोटो काढत होते.

मी घाबरून बाटली तिच्या तोंडात ओतायला गेले तर मनगट धरलंत. "घशात जाईल. भांड्यात द्या, तिची ती चाटंल." मग पंचा ओला करून तिच्या पोटाखाली नि मांड्यांच्या आत लावलात, झाडाच्या सावलीत पंधरा मिनिटं बसवलीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं, एवढंच. तिची जीभ किती लांब लोंबत होती ते मला तुम्ही दाखवल्यावर दिसलं.

"ही आता चालायची न्हाई," म्हणालात, आणि तिला उचलून मानेवर घेतलीत. करडू घेतात तशी: पुढचे पाय एका मुठीत, मागचे दुसऱ्या मुठीत, पोट मानेवर. घरी अंघोळीला उचललं तरी घर डोक्यावर घेणारी ही पोरगी तुमच्या टोपीवर हनुवटी टेकवून गप्प! दोनेक किलोमीटर तुम्ही तसेच चाललात, आणि वरून गुरांना हाका चालूच. मी मागून, तिची लाल पिशवी छातीवर नि माझी अकरा किलोंची पाठीवर घेऊन. तुमचं वय विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

वाडीच्या अलीकडे तुम्ही तिला खाली का ठेवलीत ते मला कळेना. मग शीळ घातलीत आणि मोत्या आला. दोघांना मोकळ्या रानात गोल गोल फिरून एकमेकांना हुंगू दिलंत. "आता ह्याच्या संगट शिरंल, मग बाकीचे काय बोलत न्हाईत." आणि तसंच झालं. पाच-सहा कुत्री भुंकत धावून आली, मोत्याकडे बघून जागच्या जागी थबकली, शेपट्या हलवत परत गेली. एकटीला घेऊन मी शिरले असते तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

आजींना वेगळा नमस्कार. कोमट पाण्याने एकेक खडा काढला, खोबरेल तेलात हळद कालवून लावली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. खारीक दातांनी त्या सोडायला लागली तशा मला म्हणाल्या, "तुझं मोजं काढ गं." दिवसभराचे ते मोजे, तिच्या पट्ट्यांवर चढवले! पण वासाने असेल किंवा लाजेने, तिने पट्ट्यांना पुन्हा तोंड लावलं नाही. रात्री ताकात कुस्करलेली नाचणीची भाकरी खाऊन चुलीजवळ मोत्याला टेकून झोपली. डाराडूर.

मी कोंडाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरायचं म्हणत होते. दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह बघायची हौस होती. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "लेणी कुठं पळून चाललीत?" सकाळी तिला तुमच्या ओटीवर सोडून मी एकटीच श्रीवर्धनवर जाऊन आले. बोरघाटावर नजर ठेवायला हा किल्ला, हे पुस्तकात वाचलेलं. पण तटावर उभं राहून खाली उल्हास नदीचं खोरं बघताना माझी नजर सारखी वाडीच्या कौलांकडेच जात होती. परत आले तर ती तुमच्या पायाशी, आणि तुम्ही पोरांसाठी आलेल्या जीपवाल्याशी आमचं लोणावळ्यापर्यंतचं ठरवून मोकळे झालेले.

निघताना पैसे काढले तर माझ्या जेवणाचे नि मुक्कामाचे घेतलेत, इतरांकडून घेता तेवढेच. तिचे घेतले नाहीत. "ती पाव्हणी," म्हणालात. म्हणजे मी कोण, ते समजलं.

पंजे भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, गाद्या हळूहळू टणक होतात, आधी तीन-चार किलोमीटर, मग पुढे. आता आम्ही रोज पहाटे टेकडीवर जातो, मातीवरून, आणि थोडं थोडं दगडांवरून. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी मी चपला काढून दहा पावलं चालते. मला चटका बसला तर घरी. शेजारचे बघतात, बघू देत. बूट घालायलाही ती शिकलीय. अजून बदकासारखीच चालते, आम्ही हसत नाही.

मे-जूनला काजवे बघणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा नाही येत. दिवाळीनंतर येतो. मिसळ परतताना.

आजींना आणि मोत्याला सांगा. लोभ आहेच, तो असू द्यावा.

आपली,
खारीकची आई

ता. क. माझा डावा मोजा तुमच्याकडेच राहिला. मोत्याने पळवला असेल तर असू दे त्याला.