मागचे स्पीकर का बोलत नाहीत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, साउंडबार घेऊ नका. फोंड्याच्या दुकानात तुम्हाला सांगितलं की जुना होम थिएटर आता भंगारात काढा, नव्या टीव्हीला तो चालत नाही. चालतो. वीस-पंचवीस हजार खिशात राहू देत, त्यात पावसाआधी छपराचे नळे परतून होतील.

फोनवर हे सांगता येत नाही. मी बोलायला लागले की तुम्ही 'हां, हां' म्हणता, आई मागून विचारते, 'काय म्हणते ती?', आणि तुम्ही तिला भलतंच सांगता. म्हणून लिहिते आहे. आई, तू वाच आणि बाबांकडून करवून घे. कागद वाचून झाला की पंचांगात ठेव, म्हणजे सापडेल.

मागच्या खेपेला आले तेव्हा मी टीव्हीच्या पाठीमागे डोकावले होते. हेडफोनच्या भोकातून एक बारीक वायर निघून होम थिएटरच्या लाल-पांढऱ्या भोकांत गेली आहे. टीव्ही बसवायला आलेल्या पोराने 'आवाज आला मां?' विचारलं, तुम्ही 'आला' म्हणालात, तो गेला. आवाज आला हे खरं. पण त्या वायरीतून दोनच आवाज जातात, एक डावा आणि एक उजवा. पुढे स्पीकर सहा असोत की सोळा, त्यांच्या वाटणीला येतात हे दोनच. मग होम थिएटर एक तर तेच दोन आवाज सगळीकडे फिरवतो, नाही तर मागच्यांना गप्प बसवतो. मागचे स्पीकर बिघडलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत काही पोचलेलंच नाही.

सहा वेगळे आवाज म्हणजे काय, तर चवथीची आरती आठवा. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, तिच्याखाली तुम्ही मध्ये उभे, वाजवायचं मातीचं घुमट एका बाजूला, शामेळाची जोडी दुसऱ्या बाजूला, म्हणणारे समोर आणि पोरं मागून झांजा कुटत असतात. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे ते कळतं. '५.१' ही तशीच मांडणी आहे. समोर डावा, मधला आणि उजवा, तुमच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे दोन, आणि तो '.१' म्हणजे वूफर, ज्याच्याकडे १२० हर्ट्झच्या खालचा घुमारा तेवढा दिलेला असतो. हे सहाही आवाज एकत्र बांधून पाठवायची जी पद्धत चित्रपटगृहांत १९९२ पासून आली, ते डॉल्बी डिजिटल. बाबा, २००४ साली इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीला आला आणि आयनॉक्स चित्रपटगृह उघडलं, तेव्हा आपण गेलो होतो. तुम्ही खुर्चीत मागे वळून पाहिलं होतं, दार उघडं राहिलं आणि बाहेर पाऊस लागला असं वाटून. पाऊस पडद्यावरचा होता.

आता काम. ती बारीक वायर काढून टाका. एक साधी एचडीएमआय वायर लागेल, दोन मीटरची पुरे. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून महागातली गळ्यात मारतील, ती घेऊ नका. होम थिएटरच्या मागे 'एचडीएमआय आउट' आहे आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत 'एआरसी'. टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं आहेत, पण 'एआरसी' त्यांतल्या एकावरच लिहिलेलं असतं. कुठे 'ई-एआरसी' असं असेल, तरी तेच. ह्या दोघांना जोडायचं. दुसऱ्या भोकात घातलीत तर होम थिएटरचं चित्र टीव्हीवर दिसेल, पण टीव्हीचा आवाज काही इकडे येणार नाही. आणि तिथे डिशचा डबा लावलेला असला तर त्याला शेजारच्या भोकात सरकवा, त्याला कुठलंही चालतं.

घालण्याआधी टॉर्च मारून बघा. आपल्या घरातल्या कुंभारणी माश्या मातीची घरं करायला कुठलं भोक सोडत नाहीत. माती दिसली तर लाकडी दातकोरण्याने हलकेच काढा, सुई घालू नका.

बाबा, तुम्ही विचारणारच: होम थिएटरचं 'आउट' टीव्हीच्या 'इन'मध्ये घातलं, तर टीव्हीचा आवाज उलटा कसा जाईल? २००९ मध्ये एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती आली, तेव्हा त्याच वायरीत आवाजाला परतीची वाट करून दिली. एआरसी हे तिचंच नाव. त्याआधीच्या होम थिएटरांना ती वाट नव्हती, आपला नंतरचा आहे. म्हणून तर मी म्हणते, भंगारात काढू नका.

वायर लावून झाली की काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं टीव्हीच्या सेटिंगमध्ये, आणि बहुतेक घरांत घोडं तिथेच अडतं. 'साउंड'मध्ये जाऊन 'साउंड आउटपुट'ला एचडीएमआय एआरसी निवडा. मग खाली 'डिजिटल आउटपुट' किंवा अशाच नावाची एक ओळ असेल. तिथे 'पीसीएम' असलं तर ते बदलून 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' करा, जे असेल ते. पीसीएम ठेवलं तर टीव्ही सहा आवाजांचे स्वतःच दोन करतो आणि मग पुढे पाठवतो. म्हणजे नवी वायर घालूनही आपण होतो तिथेच.

दुसरी एक ओळ उघडायची ती सीईसीची, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांचं ऐकायच्या सोयीची. प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलं आहे. सॅमसंगवर 'एनीनेट प्लस', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक', एलजीवर 'सिंपलिंक'. दादाने टीव्ही कुठल्या कंपनीचा घेतला ते मला आठवत नाही, तुम्ही बघा. ती चालू केली की टीव्ही लावल्यावर होम थिएटर आपोआप जागा होतो, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद होतात आणि आवाज कमी-जास्त करायला टीव्हीचाच रिमोट चालतो. आई, हे खास तुझ्यासाठी. होम थिएटरचा डबा जागा होऊनही मुका राहिला, तर त्याच्या रिमोटवरचं 'फंक्शन' किंवा 'सोर्स' बटण दाबत राहायचं, डब्यावर 'टीव्ही' किंवा 'एआरसी' अशी अक्षरं येईपर्यंत.

एआरसीने दाद दिली नाही, तर टीव्हीला ऑप्टिकलचं चौकोनी भोक आहे, होम थिएटरलाही आहे. त्याची वायर काचेसारखी असते, तिच्या टोकाला प्लास्टिकचं इवलंसं टोपण असतं, ते काढायला लोक विसरतात. टीव्ही चालू असताना टोकाशी लाल उजेड दिसला की समजायचं, आवाज निघाला आहे. डॉल्बी डिजिटलचे सहाही आवाज त्यातून जातात. फक्त टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणार नाही, आणि वायर मुरगळून दुमडलीत तर गेली.

जोडून झालं की लगेच सिनेमा लावू नका. होम थिएटरच्या रिमोटवर 'टेस्ट टोन' आहे. आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा आणि ते दाबा. 'शूऽऽ' असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जाईल: डावा, मधला, उजवा, मग मागचा उजवा, मागचा डावा. आईने बोट दाखवायचं. बोट एकीकडे आणि डब्यावरचं नाव दुसरीकडे झालं, तर त्या दोन स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे. आणि मधल्याचा आवाज दबलेला आला, तर आई, त्याच्यावर तू घातलेला क्रोशाचा रुमाल काढ. विणलास तो सुंदरच आहे, पण तो पुढून लोंबतो आणि बोलणं सगळं त्याच्यात अडकतं.

ह्या मधल्या स्पीकरसाठीच तर मी एवढं पाल्हाळ लावलं आहे. मागून हेलिकॉप्टर आलं नाही तरी तुमचं काही अडत नाही. अडतं ते बोलण्यावाचून. बाबा म्हणतात, गाणं लागलं की घर हादरतं आणि माणसं बोलायला लागली की काही कळत नाही. सिनेमात संवाद बहुतेक मधल्याच वाटेने पाठवलेले असतात, आणि आजवर आपल्या घरी ती वाटच नव्हती. संवाद आणि पार्श्वसंगीत त्याच दोन स्पीकरांत एकमेकांच्या उरावर बसत होते. आता होम थिएटरच्या 'स्पीकर लेव्हल'मध्ये जाऊन 'सेंटर' तेवढा तीन-चार डेसिबलने चढवा, बाकीच्यांना हात लावू नका. मधला शोकेसच्या वरच्या फळीवरून काढून टीव्हीच्या खाली ठेवा, तोंड किंचित वर, तुमच्या कानांकडे. जोडीला 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' असेल तर चालू करा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात.

वूफर कोपऱ्यातून हातभर बाहेर काढा. दोन भिंतींच्या बेचक्यात तो उगाच जास्त घुमतो आणि शोकेसमधल्या काचा वाजतात. मागचे दोघे आत्ता वर वाशाला ठोकलेले आहेत आणि नळ्यांना गाणी ऐकवतात. ते खरं तर बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर हवेत, बाजूला आणि जरासे मागे. ते मी येईन तेव्हा. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

सगळं नीट लागलं तरी मागून दर वेळी आवाज येईल असं समजू नका. पाठवणाऱ्याने सहा आवाज पाठवले तरच सहा मिळतात. ओटीटीवर सिनेमाच्या नावाजवळ '५.१' किंवा 'डॉल्बी' लिहिलेलं असतं, ते बघायचं. आईच्या मालिका बहुतेक दोनच आवाजांत येतात. तसंही मालिकेत मागून यायला आहे काय, सगळ्या सासवा समोरच उभ्या असतात. डिशच्या डब्याच्या सेटिंगमध्येही 'स्टिरिओ' की 'डॉल्बी' असं विचारलेलं असतं, तिथे डॉल्बी ठेवा, एखादं एचडी चॅनल देतं सहा आवाज. आणि भाच्याने पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या सिनेमाला चित्र आलं पण आवाजच आला नाही, तर त्यात बहुतेक 'डीटीएस' आहे, डॉल्बीसारखीच आवाजाची दुसरी पद्धत. कितीतरी नव्या टीव्हींना ते वाचता येत नाही. तो पेन ड्राइव्ह टीव्हीला न लावता होम थिएटरला लावून बघा.

बाबांची संगीत नाटकं ही वेगळी गोष्ट. यूट्यूबवर ती जुनी ध्वनिमुद्रणं तुम्ही ऐकता, त्यांत मुळात एकच आवाज आहे, ऑर्गन, तबला आणि गाणारा सगळे एकाच जागी. त्याला सहा स्पीकरांत उधळून देऊ नका. होम थिएटरवर 'प्रो लॉजिक' असतं, ते लावा. दोन्ही बाजूंना सारखंच जे असेल, ते तो मधल्याकडे वळवतो, म्हणजे पद थेट समोरून येईल. काही डब्यांवर 'हॉल', 'स्टेडियम' अशी बटणं असतात. ती दाबली की नाट्यपद विहिरीतून आल्यासारखं येतं. कला अकादमीत बसून नाटकं ऐकलेल्या माणसाला ते मी ऐकू देणार नाही.

आणि बाबा, रागावू नका, पण एवढं करूनही शब्द कळले नाहीत तर बांबोळीच्या इस्पितळात जाऊन कान-नाक-घशाच्या विभागात ऐकण्याची तपासणी करून घ्या. वय झालं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ ही अक्षरं तिथलीच. म्हणून आवाज येतो आणि शब्द निसटतो, आणि माणूस आवाज वाढवत बसतो. आई सांगत होती, संध्याकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपूही टीव्हीपुढे ऐकू येत नाही आणि पाव चुकतात.

मृगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. टीव्ही, डबा, होम थिएटर, तिघांचेही प्लग ओढून काढायचे आणि डिशची केबलसुद्धा. वीज केबलमधून डब्यात शिरते आणि एचडीएमआयच्या वायरीवरून पुढे सगळ्यांना घेऊन जाते. ऑक्टोबरात पाऊस परततो तेव्हाही तेच.

वायर आणली की लावण्याआधी मला दोन फोटो पाठवा, एक टीव्हीच्या पाठीचा आणि एक होम थिएटरच्या पाठीचा. उजेड मारून, जवळून, अक्षरं वाचता येतील असे.

तुमची,
बाय

ता. क. होम थिएटरच्या रिमोटमधले सेल आधी बघा. कित्येक महिने तो नुसता पडून आहे, सेल आत पाझरले असतील. स्प्रिंगवर हिरवं-पांढरं बसलं असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.