हरकत पटावी कशी?

महोदय,

झाडे तोडण्याच्या आणि विकास आराखड्यातील फेरबदलांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, नागपूरकर त्यावर हरकतीही पाठवतात. त्यांतली तळमळ खरी असते, पण मांडणी लंगडी पडते. हरकत वाचणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय घेऊन त्याचे कारण फाइलवर लिहायचे असते. ते कारण पत्रात आयते सापडले, तरच पत्राचा उपयोग होतो.

समजा, रस्ता रुंदीकरणात कडुनिंब जाणार आहे. ‘झाडे ही शहराची फुफ्फुसे आहेत, नागपूरचा उन्हाळा 47 अंशांवर जातो’ हे खरेच, पण ते शहरातल्या प्रत्येक झाडाला लागू पडते. या झाडाचा निकाल त्यावरून लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘जाहिरातीतील अनुक्रमांक 14. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर 2.4 मीटर. झाड रस्त्याच्या मंजूर रुंदीबाहेर 80 सेंटिमीटरवर आहे. आड येते ती फक्त पावसाळी गटाराची रेषा आणि ती झाडाच्या पलीकडून नेण्याइतकी जागा आहे.’ आता अभियंत्याला टेप घेऊन जागेवर जाता येते. मात्र मोजताना टेप तिरका धरू नये, घेर वाढून येतो. एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

‘जुने झाड’ म्हणूनही भागत नाही. 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. म्हणून तारखेसह जुना फोटो किंवा तसाच कागद जोडावा; नुसत्या घेरावरून वय सिद्ध होत नाही.

पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायला लोक कचरतात, आणि आमच्या मते पत्र सर्वांत जास्त इथेच फसते. रुग्णवाहिका अडकते, शाळेसमोर कोंडी होते, हे समोरच्याचे सर्वांत बळकट म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहावे आणि मग उत्तर द्यावे. दुबळे रूप खोडून काही साधत नाही, कारण बळकट रूप वाचणाऱ्याच्या फाइलमध्ये आधीच असते. जे कबूल करण्याजोगे आहे ते कबूलही करावे. ‘पोखरलेले अनुक्रमांक 9 तोडण्यास हरकत नाही’ या एका ओळीने 14 क्रमांकाबद्दलच्या म्हणण्याला वजन येते.

मागणीही नेमकी हवी. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ असे मोघम म्हटले नाही. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी वयासह मागणी केली. कारणही सरकारच्याच हिशेबातले दिले: महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, तिच्या शिक्षणावर मात्र त्या मानाने खर्च होत नाही.

एकाच मजकुराच्या शंभर प्रतींना एकच उत्तर पुरते. त्यापेक्षा पाच जणांनी पाच झाडांवर वेगवेगळे लिहावे. विषयाच्या ओळीत जाहिरातीची तारीख, पहिल्याच परिच्छेदात मागणी, सगळे मिळून एक पान. पत्र मुदतीत द्यावे आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

– काही वाचक, धरमपेठ, नागपूर