मेहरुन आपल्या शेजारचीच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या रविवार पुरवणीत आजच्या दक्षिण आशियाई कथा-कादंबरीवरचा मोठा लेख वाचला. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून कालचा दिवस जाऊ दिला. राग काही गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

लेखकांचा व्यासंग मोठा आहे, हे आधीच सांगते. श्रीलंकेच्या शेहान करुणातिलक यांच्या कादंबरीतल्या कोलंबोबद्दल आणि तिथल्या यादवीत मारल्या गेलेल्या माणसांबद्दल त्यांनी मनापासून लिहिलंय. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधी' या हिंदी कादंबरीतल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीवरचा मजकूर तर मी कापून वहीत चिकटवला. पण कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहापाशी आल्यावर त्यांनी चार ओळींत विषय उरकला. दक्षिण भारतातल्या मुस्लिम स्त्रियांच्या बंदिस्त जगाचं दर्शन, एवढंच! पुढच्या ओळीत गाडी पाकिस्तानात.

कुणाचं बंदिस्त जग? शीर्षककथा लेखकांनी वाचली असेलच. मेहरुनचा नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय. ती तान्ह्या बाळाला काखेत घेऊन माहेरी येते. घरात आई-वडील, भाऊ सगळे आहेत. बस म्हणण्याआधी तिला विचारतात ते एकटी कशी आलीस, हे. घराची अब्रू जपायची तर तिकडंच जाळून घ्यायचं होतंस, इथवर बोलणं जातं. आणि लगोलग भाऊ तिला घेऊन निघतात, नवऱ्याच्या दारात पोचवायला. एवढ्यात धर्म कुठं आला? हे माहेर आहे आणि ते आपल्या ओळखीचं आहे.

आमच्या कॉलनीत बायकांची भिशी झाली की कुणीतरी काही वाचून दाखवतं. मागच्या पावसाळ्यात मी ही कथा घेतली. हातात इंग्रजी पुस्तक होतं, वाचता वाचता मराठीत सांगत गेले. भाऊ मेहरुनला परत घेऊन निघतात तिथं आले आणि तासगावकडच्या एक आजी बोलू लागल्या. गळ्यात माळ, वारी कधी चुकवत नाहीत. लग्नानंतर त्या अशाच निघून माहेरी गेल्या होत्या. थोरल्या भावानं दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या पेट्या भरलेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून त्यांना सासरी आणून सोडलं. 'आमच्यात चहा पिला, ह्यांच्याशी दराचं बोलला, अन् गेला. मी आत कप विसळत हुते. जाताना मला हाकसुद्धा मारली नाही त्यानं.' एवढं सांगून त्या मला म्हणाल्या, 'फुडं वाचा, त्या पोरीचं काय झालं?' पुढं रात्री मेहरुन रॉकेल अंगावर ओतून घेते आणि तिची थोरली मुलगी सलमा येऊन तिला घट्ट धरते. मी वाचलं. आजींनी पुन्हा सलमाचं वय विचारलं, आणि मेहरुनच्या भावांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

संपादक महोदय, या आजींना ती कथा 'मुस्लिम स्त्रियांचं बंदिस्त जग' वाटली नाही. आपल्या अभ्यासू लेखकांना ती तशी का वाटावी?

डॉ. तारा भवाळकर आमच्या सांगलीच्याच. दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा आपणही पहिल्या पानावर छापलंत. बायकांच्या ओव्यांकडं, लोकगीतांकडं नीट कान देऊन बघायला त्यांनी आम्हाला शिकवलं. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ म्हणजे सगळं काही. आणि माहेरी मान उरला नाही की दोष भावजयीच्या माथी जातो, भाऊ सुटतो. बानू मुश्ताक यांनी भावाला सुटू दिलेलं नाही. आमच्या ओवीनं जे झाकलं ते या कथेनं उघड केलं. कुणीतरी हे लिहावं, मराठी वाचकाला हे सांगावं, अशी माझी अपेक्षा होती.

काही कथांत धर्माचा संबंध थेट येतो, हे मलाही दिसतं. मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभारी, न्याय मागायला आलेल्या बाईला दारात ताटकळत ठेवतात, हज यात्रेहून आणायच्या कफनासाठी एक गरीब बाई झुरते. बानू मुश्ताक हासनच्या वकील आहेत, कन्नडमधल्या बंडाय या बंडखोर साहित्य चळवळीतून आलेल्या आहेत. मशिदीत बायकांना जाता यावं असं म्हटल्याबद्दल २००० साली त्यांना बहिष्कार सोसावा लागला. ज्या बाईनं आपल्याच लोकांसमोर उभं राहून हे सगळं लिहिलं, तिच्या पुस्तकाकडं 'त्यांच्यातलं कसं असतं' हे कळण्यासाठी बघायचं, हा तिचा अपमान आहे. मी मिरजेत बरीच वर्षं शिकवलं. सतारमेकरांच्या घरच्या मुली माझ्या वर्गात असायच्या. पोरीला दहावीपर्यंत तरी शिकू द्या म्हणून त्यांच्या आया घरात भांडून पालकसभेला यायच्या, आणि त्यांच्या शेजारच्याच बाकावर बसलेल्या जाधव-पाटलांच्या आयाही तशाच भांडून आलेल्या असायच्या.

माझं आजोळ जत तालुक्यात, अगदी पूर्वेला. आई घरात कानडी बोलायची, बाजारात मराठी. त्या भागात आजही जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. मिरजेतून निघालं की कागवाड कितीसं लांब? तिथं कर्नाटकच सुरू. 'हार्ट लॅम्प'मधल्या बारा कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या आहेत. म्हणजे तीस वर्षं या बाई सीमेपलीकडं बसून लिहीत होत्या, कन्नडमध्ये छापून येत होत्या. आणि आपल्या पुरवणीला त्यांचं नाव कळलं २०२५ च्या मे महिन्यात, लंडनला 'हार्ट लॅम्प'च्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर झाल्यावर. मलाही त्यानंतरच कळलं आणि मुलीनं पुण्याहून इंग्रजी प्रत पाठवली. मला कानडी समजतं, लिपी वाचता येत नाही. आईच्या भाषेतली कथा इंग्रजीतून वाचताना मला फार वाईट वाटलं, आणि ते आपल्याला कळवायचं होतं.

हे असंच चालायचं असंही नाही. कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी घराघरांत वाचले गेले ते अनुवादक उमा कुलकर्णींमुळे. त्यांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा भैरप्पांना आपण 'दक्षिण आशियाई' म्हणत नव्हतो, सरळ शेजारचे म्हणून वाचत होतो. वाचनालयात त्या कादंबऱ्यांसाठी नंबर लावावा लागायचा. जयंत कायकिणींनी तर आपल्या मुंबईवर कन्नडमध्ये कथा लिहिल्या. चाळी, इराणी हॉटेलं, लोकल, सगळं आपलं. त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्याचा डीएससी पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला. कालचा लेख नेमका दक्षिण आशियाई साहित्यावर, आणि त्यात कायकिणींचं नाव नाही. मुंबईवरची पुस्तकं म्हणून दिलेल्या यादीत सगळी नावं इंग्रजीत लिहिणाऱ्यांची.

अनुवादकांचंही सांगते. गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल यांचं नाव लेखात आहे, ते असायलाच हवं. बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती यांचं नाव का नाही? त्या कर्नाटकातल्या कोडगूच्या, मडिकेरीच्या. आंतरराष्ट्रीय बुकर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय अनुवादक. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दोघींत समान वाटली जाते, कारण या पुरस्कारात दोघींचं काम बरोबरीचं मानलं जातं. अमेरिकेतल्या अनुवादकाचं नाव लक्षात राहतं आणि मडिकेरीच्या अनुवादकाचं राहत नाही, याचं मला नवल नाही वाटलं, संताप आला.

आता पत्र लिहायला घेतलंच आहे तर आणखी एक. विश्रामबागेत आपली रविवार पुरवणी अनेकदा येतच नाही. पेपरवाल्या पोराला विचारलं तर म्हणतो, वरूनच आली नाही. मग ज्यांच्याकडं आली त्यांच्याकडून मागून आणावी लागते, कालचीही तशीच आणली. पुस्तकांचं पान पूर्वी पूर्ण असायचं, आता निम्म्या पानावर क्लासच्या जाहिराती असतात. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे समजतं, पण निदान ते उरलेलं अर्धं पान तरी वर्गणीदाराच्या हातात पडावं.

माझ्या दोन मागण्या आहेत. येत्या रविवारी चौकट टाकून दीपा भास्ती यांचं नाव छापा. आणि सीमेपलीकडं आज कन्नडमध्ये कोण काय लिहितंय, यावर कुणा जाणकाराकडून महिन्यातून एकदा लिहून घ्या. जत, मिरज, अथणी, बेळगाव या पट्ट्यात दोन्ही भाषा वाचणारी माणसं भरपूर आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईला विचारायची गरज पडणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली